कागदावरची सवाष्ण

सोजराबाईच्या कपाळाला पुन्हा कुंकू लागलं ते एकोणचाळीस वर्षांनी, आणि तेही एका कारकुनाच्या भीतीनं.

त्याचं असं झालं. तिच्या बहिणीचा मुलगा ज्योतीराम पिंपरीला दिव्यांच्या काचा करणाऱ्या कंपनीत भट्टीवर लागला होता. सत्तावन्न साली कंपनीनं कामगारांसाठी कॉलनी बांधली. पक्क्या भिंती, खाली फरशी, घरात नळ, बटण दाबलं की दिवा. नुसती बायकोपोरं असतील त्याला एक खोली आणि आई किंवा बाप पदरी असेल त्याला दोन, असा नियम होता. अर्जात प्रश्न होता, 'आई हयात आहे काय?' ज्योतीरामनं जराही न थांबता 'होय' लिहिलं. त्याला खोटं लिहायचं नव्हतं. जन्म देणारी रुक्मिणी तो तीन दिवसांचा असताना गेली आणि तेव्हापासून आई म्हणून त्यानं पाहिली ती मावशीच. त्याला कुणीही, कधीही विचारलं असतं तरी त्यानं होयच म्हटलं असतं.

घोटाळा पुढच्या ओळीत झाला. 'आईचे संपूर्ण नाव.' मावशीचं संपूर्ण नाव लिहायचं तर सोजराबाई सखाराम असं लिहावं लागणार. सखाराम म्हणजे मानमोडीच्या साथीत गेलेला तिचा नवरा. आणि वरच्याच ओळीत गावी एकट्या राहणाऱ्या बापाचं नाव होतं, चिमाजी, हयात. बापाचं नाव एक आणि आईच्या नवऱ्याचं दुसरंच, हे कागद वाचणाऱ्यानं काय समजावं? आईच्या अब्रूचा प्रश्न आला. ज्योतीरामनं टाक दौतीत बुडवला आणि 'रुक्मिणीबाई चिमाजी' असं लिहून टाकलं. एका ओळीत त्यानं मेलेली आई जिवंत केली आणि जिवंत मावशी नाहीशी केली. बापड्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

सोजराबाई तेव्हा गावी, चाकणच्या पुढं चार कोसांवर, भावाच्या पडवीत राहत होती. भाऊ होता तोवर बरं होतं. तो गेल्यावर भाच्यांनी पडवीत आधी कडबा आणला, मग गाय आणली आणि मग त्यांची सख्खी आत्या सरकत सरकत भिंतीला लागली. गुडघे धरले होते. विहिरीवरून घागर आणायची तर वाटेत तीनदा बसावं लागे. ज्योतीराम न्यायला आला तेव्हा तिला देव पावल्यासारखं झालं. तिनं तवा-परात भाच्याच्या बायकोला देऊन टाकली आणि एस.टी.त बसली. आठ दिवसांत तिच्या अंथरुणाच्या जागी वैरण रचली गेली, म्हणजे परतीचा विषय संपला.

कॉलनीत येऊन तीन दिवस झाले असतील. सोजराबाई नळाखाली भांडं धरून, पाणी आपणहून कसं येतं ते पाहत होती. एवढ्यात ज्योतीरामची बायको सुमन धावत आत आली. कंपनीचा कारकून अर्ज हातात घेऊन घरोघर माणसं मोजत फिरत होता.

"मावशी, त्यांच्या कागदावर मामंजी हयात हायेत," सुमन म्हणाली. "आन आईच्या कपाळाला कुंकू न्हाई, हे कसं दिसंल?"

सोजराबाईला अर्धं कळलं, अर्धं कळायचं होतं. तोवर सुमननं फडताळातली डबी काढून अंगठा बुडवला आणि तिच्या कपाळावर टेकवला. स्वतःची एक जुनी काळ्या मण्यांची पोत तिच्या गळ्यात अडकवली, हातात काचेच्या दोन-दोन बांगड्या सरकवल्या. सोजराबाईच्या तोंडून "अगं, पाप..." एवढंच निघालं. सुमननं दाराकडं बोट दाखवलं.

कारकून दारात उभा राहिला. "रुक्मिणीबाई चिमाजी?" त्यानं वाचलं. सोजराबाईनं मान वर केली नाही. "ऐकू कमी येतं त्यांना," सुमन म्हणाली. कारकुनानं कपाळ पाहिलं, कागदावर खूण केली आणि तो पुढच्या दाराला गेला. पाच मिनिटांचं काम. आता पुसून टाकावं म्हणून सोजराबाईनं पदर उचलला, तर कारकुनाच्या पाठोपाठ शेजारच्या यशोदाबाई हातात विरजणाची वाटी घेऊन आत आल्या. नव्या शेजाऱ्यांची चौकशी करायला आल्या होत्या. चांगल्या होत्या हो बाई, तोच तर वांधा. वाईट माणसाला टाळता येतं. यशोदाबाईंनी कपाळ पाहिलं, पोत पाहिली आणि वाकून नमस्कार केला. तो पदर उचललेला तसाच राहिला.

त्यानंतर कुंकू पुसायची सोय उरली नाही. कॉलनीत घराला घर लागून. दारं सताड उघडी. एकीकडं फोडणी पडली की सात घरांना ठसका लागायचा, तिथं कोरं कपाळ काय लपणार? रोज सकाळी नळावर जायच्या आधी सोजराबाई डबी उघडी. विधवेनं कुंकू लावायचं म्हणजे वर जाऊन काय जाब द्यायचा, हा विचार रोज नव्यानं मनात येई. बोट मात्र आपलं काम करून मोकळं होई.

तसं सुख होतं, नाही म्हणू नये. दोन्ही वेळा गरम भाकरी. दवाखाना हाकेवर, तिथल्या डॉक्टरनं गुडघ्याला तेल दिलं. ज्योतीराम भट्टीवरून आला की आधी मावशीपाशी टेकायचा. म्हातारपणी याहून काय हवं, असं कुणीही म्हणेल. पण हे सगळं सुख रुक्मिणीबाईंना होतं. सोजराला कॉलनीत कुणी ओळखत नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पहिलं बोलावणं तिला, कारण वयानं मोठी आणि नवरा जिवंत. नव्या सुनांची ओटी तिच्या हातानं. पोरीबाळी पाया पडल्या की ती पुटपुटे, आणि त्यांना वाटे म्हातारी आशीर्वाद देते आहे. ती माफी मागत असायची.

गावी जायचं म्हटलं तर निराळीच तऱ्हा. एस.टी. भोसरी सोडून पुढं गेली की ती पदराला थुंकी लावून कुंकू पुसायची, पोत आणि बांगड्या काढून कनवटीला खोचायची. परत येताना तिथंच पुन्हा लावायची. एकदा एका बाईनं ते पाहिलं आणि तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की सोजराबाईनं गावी जाणंच सोडून दिलं.

"सांगून टाक रं साहेबास्नी," ती एकदा ज्योतीरामला म्हणाली. "चूक झाली म्हनावं. मी तुजी मावशी हाय, एवढंच सांग."

ज्योतीराम भाकरीचा तुकडा हातात धरून बसला. "मावशे, खोटं लिव्हून दिलं म्हनत्याल. घर तर जाईलच, नोकरीबी जाईल. सुमन पोटुशी हाय. कुटं जाऊ?"

 जे पोर तीन दिवसांचं असताना उराशी धरलं, त्याच्या डोक्यावरचं छप्पर काढायचं आणि आपलं कपाळ साफ करायचं, हे तिच्यानं होणार नव्हतं. ती फक्त म्हणाली, "मरंन तवा तरी माज्या नावानं मरू द्या." ज्योतीराम हसला. मावशी काहीतरी बोलते, असं त्याला वाटलं.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी चिमाजीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं. गावी एकटाच राहायचा, भावकीनं चार दिवस पेज पाजली आणि पाचव्या दिवशी ज्योतीरामला निरोप धाडला. बापाला आणणं भाग होतं. बैलगाडीतून चाकणला, तिथून एस.टी.नं नाशिक फाट्यापर्यंत आणि पुढं टांग्यानं, असा चिमाजी कॉलनीत आला. शेजारच्या लालमहंमद फिटरनं आणि ज्योतीरामनं उचलून बाहेरच्या खोलीत खाटेवर ठेवला.

इथं मागचं थोडं सांगायला हवं. रुक्मिणी गेली तेव्हा सोजरा बत्तिशीची, विधवा होऊन अकरा वर्षं झालेली. पोर तिच्या मांडीवर. गावच्या पंचांनी सुचवलं, चिमाजीशी पाट लावून टाका, पोराला आई होईल आणि घराला बाई. चिमाजी तयार होता. सोजरा नाही म्हणाली. बहिणीच्या चुलीवर आपण बसायचं, हे तिच्या मनाला पटेना. लोक नावं ठेवतील म्हणून ती पोर घेऊन भावाच्या पडवीत आली आणि पुढं तीस वर्षं चिमाजीच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. सणावाराला तो पोराला भेटायला येई, तेव्हा ती आतून "या दाजी" म्हणे आणि पाण्याचा तांब्या दारात ठेवी. जे पंचांना जमलं नाही ते एका अर्जानं केलं.

खाटेवर टेकल्यावर चिमाजीनं डोळे फिरवून खोली पाहिली. मग सोजराबाई पाणी घेऊन पुढं आली. त्यानं तिचं कपाळ पाहिलं. गळ्यातली पोत पाहिली. मग तोंड भिंतीकडं फिरवलं आणि दोन दिवस अन्नाला शिवला नाही.

सुमनचे दिवस भरत आलेले, ज्योतीराम भट्टीवर. म्हाताऱ्याचं करणार कोण? सोजराबाईच. त्याला अंघोळ घालायची, धोतर बदलायचं, भात कालवून भरवायचा, भांडं द्यायचं आणि उचलायचं. ज्या माणसासमोर तिनं आयुष्यात डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्याचं सगळं अंग आता तिला धुवावं लागे. लाजेनं तिला जीव नकोसा व्हायचा. त्यालाही व्हायचा. तो डोळे मिटून घेई आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी येई. दार लावून घ्यावं तर खोलीत वारा नाही. उघडं ठेवावं तर येणारीजाणारी प्रत्येक बाई थबकून म्हणायची, "करावं तर रुक्मिणीबाईंनी." सगळ्या कॉलनीत तिच्या नवऱ्याच्या सेवेचं कौतुक. सासवा सुनांना तिचा दाखला देऊ लागल्या.

तिसऱ्या दिवशी तिनं भाताचा घास पुढं केला तेव्हा चिमाजी बोलला. तोंड वाकडं झालेलं, शब्द अर्धवट येत.

"तवा न्हाई म्हनालीस."

सोजराबाईनं दाराकडं पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं. "आता तरी कुटं व्हय म्हनले, दाजी?" ती हळू म्हणाली.

चिमाजीच्या तोंडाचा एक कोपरा हलला. तो हसला की काय, तिला कळलं नाही. त्यानं घास घेतला. त्या दिवसापासून तो जेवू लागला. घरात कुणी नसलं की तो तिला 'सोजरे' म्हणायचा. आणि ती 'दाजी' म्हणायची, दाराकडं बघत, दबक्या आवाजात. साऱ्या कॉलनीत तिला तिच्या नावानं हाक मारणारा तेवढा एकच माणूस होता. ज्योतीरामसुद्धा हल्ली चुकून तोंडातून मावशी निघू नये म्हणून घरातही 'आई'च म्हणत असे.

आणि तरी तिच्या मनात एक विचार येई. दाजी गेला की सुटले. नवरा मेल्यावर रुक्मिणीबाई विधवा होणार, डबी बंद होणार, कपाळ खरं होणार आणि ज्योतीरामच्या घराला धक्काही लागणार नाही. विधवा आईलाही दोन खोल्या चालतात. असा हिशेब मनात आला की ती स्वतःवरच चिडायची आणि दाजीच्या भातात तूप जास्त घालायची.

वटपौर्णिमेला यशोदाबाई न्यायला आल्या. काळेवाडीकडं उतरणाऱ्या वाटेवर वड होता. "गुडघे दुखत्यात," सोजराबाई म्हणाली. "तुम्ही नाही आलात तर आम्ही कुणाच्या पाठीमागून फिरायचं?" असं म्हणून यशोदाबाईंनी तिचा हात धरलाच. वडापाशी बायकांनी तिला सगळ्यांत पुढं घातलं. सूत हातात, मागं चाळीस बायका. सात जन्म हाच नवरा मिळो म्हणून फिरायचं. कोणता? बहिणीचा? का तो सखाराम, ज्याचा चेहरा आता तिला नीट आठवतही नव्हता? सोजराबाई फिरली. देवा, यातलं काहीच माझ्या नावावर मांडू नको, एवढं मागून ती खाली बसली. गुडघे खरंच दुखत होते.

एकोणसाठच्या श्रावणात एका सकाळी ती चिमाजीला चहा पाजत होती. बशीतला दुसरा घोट त्याच्या ओठांतून बाहेर आला. "दाजी?" ती म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "दाजी!" दार उघडं होतं, पण त्या वेळी तिला त्याची आठवण राहिली नाही.

तासाभरात कॉलनी लोटली. ज्योतीरामला भट्टीवरून बोलावून आणलं. कंपनीकडून दोघं-चौघं आले, त्यांत अर्ज घेऊन फिरलेला तो कारकूनही हार घेऊन आला होता. पुरुष दाराशी उभे राहिले. बायकांनी सोजराबाईला धरून मयताच्या उशाशी बसवलं. सुमन लेकराला घेऊन कोपऱ्यात उभी होती. एका म्हाताऱ्या विधवेनं सोजराबाईच्या हातातल्या बांगड्यांवर पदर टाकला. यशोदाबाई डोळे पुसत समोर बसल्या आणि त्यांनी ओला पदर तिच्या कपाळाकडं नेला.

याचीच ती दोन वर्षं वाट पाहत होती. पण तो हात जवळ आला आणि तिला रुक्मिणी आठवली. तीस वर्षांपूर्वीची, ओसरीवर निजवलेली. हिरवं लुगडं नेसवलेलं, कपाळभर मळवट भरलेला, ओटीत नारळ आणि तांदूळ. अहेव गेली, भाग्याची गेली, म्हणत गावच्या बायका तिच्या पाया पडत होत्या. सोजरा विधवा, म्हणून तिला जवळ येऊ दिलं नव्हतं. गोठ्याच्या दारातून तिनं ते पाहिलं होतं. चोवीस वर्षांच्या आयुष्यात रुक्मिणीला काय मिळालं होतं? ना दोन वेळचं पोटभर, ना पोराचं तोंड धड पाहायला. मळवट तेवढा मिळाला. आणि हा ओला पदर आता रुक्मिणीचा मळवट पुसायला येत होता.

सोजराबाईनं यशोदाबाईंचं मनगट धरलं.

"थांबा," ती म्हणाली. "मी रुक्मिनी न्हवं."

रडणं थांबलं.

"मी सोजरा. रुक्मीची थोरली भन. माजा धनी मानमोडीत गेला. हे माजे दाजी हायेत. ह्यांच्या नावानं माजं कुंकू पुसू नका. रुक्मी अहेव गेलीया. तिला रंडकी करू नका."

 सुमननं लेकराला घट्ट धरलं. कारकुनाच्या हातातला हार तसाच राहिला. यशोदाबाईंनी गोंधळून दाराकडं पाहिलं.

"ज्योतीराम, काय म्हणतात ह्या?"

ज्योतीरामनं मावशीकडं पाहिलं. तिनंही त्याच्याकडं पाहिलं. तिला त्याच्याकडून एक शब्द हवा होता, फक्त 'व्हय'. त्याचे ओठ हललेसुद्धा. मग त्याची नजर कारकुनाकडं गेली, सुमनकडं गेली, तिच्या कडेवरच्या पोरीकडं गेली.

"आईला सोसंना झालंय," तो म्हणाला. "तिला भान न्हाई." आणि तो हुंदके देऊन रडू लागला. ते रडणं अगदी खरं होतं.

बायकांना हायसं वाटलं. "बहिणीची आठवण आली असेल," कुणी म्हणालं. "असं होतं हो. पन्नास वर्षांचा संसार." दुसरीनं सोजराबाईचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं. दोघींनी तिचे हात धरले, अगदी हळुवार, दुखू नये म्हणून. बांगड्या फुटल्या. पोत तुटली, काळे मणी फरशीवर सांडले आणि सुमन खाली बसून ते वेचू लागली. यशोदाबाईंनी कपाळ पुसलं. एकदा पुसून लाली राहिली म्हणून पुन्हा पुसलं.

"रडा रुक्मिणीबाई, रडा," त्या म्हणाल्या. "मोकळं वाटेल."

सोजराबाईनं हात सोडवून घेतले नाहीत.  समोर दाजी पडला होता आणि तिला नावानं हाक मारणारं आता त्या घरात कुणी नव्हतं. ती रडली. दाजीसाठी थोडं रडली, आणि रुक्मिणीसाठी पुष्कळ. तीस वर्षांपूर्वी मळवट भरून गेलेल्या तिच्या धाकट्या बहिणीला पिंपरीच्या त्या खोलीत चारचौघांनी विधवा केलं होतं, आणि त्यासाठी कपाळ सोजरानं दिलं होतं.